जुन्या गाडीचा ब्रेक : झिजायचे कोणी?

बैलगाडी घाट उतरताना चाकावर लाकडी ठोकळा दाबून धरण्याची रीत घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. ठोकळा झिजे, पण चाकाची लोखंडी धाव शाबूत राही. ठोकळा घरीच नवा करता येई; धाव बसवायची म्हणजे लोहाराकडे खेप आणि खर्च. जुन्या मोटारीचा ब्रेक निवडताना हाच हिशेब मनात ठेवावा.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंदनगरमुळे ऊस उत्पादकांना ज्यांचे नाव ठाऊक आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट ११०० पुढे पद्मिनी झाली. ती बनणे थांबून बरीच वर्षे झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता सुटे भाग शोधावे लागतात, म्हणून असलेले जपायचे.

दुकानात जाण्याआधी आपल्या गाडीला काय लागते ते पाहावे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम आहेत. तिथे ब्रेक पॅड नव्हे, लायनर लावलेले शू लागतात. पॅड लागतात ते डिस्क असलेल्या चाकाला. पुष्कळ जुन्या जीपनाही ड्रमच असतात.

मग येतो कठीण की मऊ हा प्रश्न. "साहेब, हे कडक घ्या, वर्षानुवर्षे बघायला नको," असे विक्रेता सांगतो. परंतु फार कठीण माल गार असताना नीट पकडत नाही आणि ड्रम किंवा डिस्क खातो. गावात, बाजारात सावकाश फिरणाऱ्या जुन्या गाडीला मऊ, धातूचा चुरा नसलेला माल बरा. तो लवकर झिजतो, पण झिजणे हेच त्याचे काम आहे. उलट, माल भरून घाट उतरणाऱ्या जीपला मऊ लायनर चालायचे नाही. ते तापून पकड सोडते. तिथे उष्णता सोसणारे लायनर घ्यावे आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. जमीन पाहून वाण निवडतो, तसेच हे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट शक्ती जिरवावी लागते, हेही घरातल्या तरुण चालकांना सांगून ठेवावे.

बदलताना एका आसाची दोन्ही चाके एकदम करावी. एक बैल ताजा आणि दुसरा थकलेला असला की नांगर एका अंगाला ओढतो. ब्रेक दाबल्यावर गाडीही तशीच ओढते. समोरून एसटी येत असेल तर तेवढे ओढणेही जिवावर बेतते. माझ्या मागच्या सीटवर नातवंडे बसतात, म्हणून इथे काटकसर करीत नाही.

भाईंदर पश्चिमेला आमच्याकडे खाडी आणि मिठागरांची खारी हवा. तिने व्हील सिलिंडर गंजतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी बरेच दिवस उभी ठेवली तर लायनर ड्रमला चिकटते. म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावतो. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते; ते दोन वर्षांनी बदलतो. पाण्यातून गाडी काढली की थोडे अंतर हलका ब्रेक दाबत जावे, म्हणजे ड्रम सुकतात.

आणखी एक सांगणे. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. ती धूळ फुप्फुसात गेली तर पुष्कळ वर्षांनी कर्करोगही होऊ शकतो. ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नये, हवेचा झोत सोडू नये; ओल्या फडक्याने पुसावे. मुलांना लांब ठेवावे आणि मेकॅनिकलाही हे सांगावे, कारण रोज ती धूळ त्याच्याच नाकात जाते.

पावसाळा सरला की सुगीच्या धावपळीआधी चारही ड्रम उघडून पाहा. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजत आले असेल, तर गाडी मालासाठी बाहेर काढण्याआधी ते बदला.