पाण्याची खूण

इच्छापोरवरून हजीऱ्याकडे वळलं की रस्ता ट्रेलरांचा होतो. पोलादाच्या कॉइल साखळदंडांनी जखडलेले ते ट्रेलर एकामागे एक चाललेले असतात, आणि रात्री गॅस प्रकल्पाच्या चिमणीवरची ज्योत ढगांना खालून तांबूस करते. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या अडाजणच्या दिशेनं निघतात. त्यांतून उतरणारी माणसं माझी गिऱ्हाइकं. क्रेनवाले, वेल्डर, स्टोअरमधले कारकून. त्यातले कितीतरी धुळे-जळगाव-नंदुरबारकडचे. मी त्यांना घरं दाखवते. त्याआधी बरीच वर्षं मी सुरतेच्या एका स्थानिक केबल वाहिनीवर रात्रीच्या बातम्या वाचत होते. घरात अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी आणि पडद्यावर गुजराती, असं माझं चाललेलं असे.

"बातम्या सोडून दलाली?" माहेरी गेले की अजूनही कुणीतरी विचारतंच. त्यांना ती पायरी उतरल्यासारखी वाटते. पण बातम्या वाचणं हे कित्येकांच्या बाबतीत आयुष्याचं एकच दालन होतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हापासूनची नावं आठवून पाहा. अनंत भावे प्राध्यापक होते, मुलांसाठी सुंदर लिहायचे. स्मिता पाटील बातम्या वाचता वाचता सिनेमात गेली. तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणून आमच्या घरात ती कायम 'आपल्याकडची'. प्रदीप भिडे मात्र दशकानुदशकं वाचत राहिले. २०२२ च्या जूनमध्ये ते गेले त्या दिवशी मी एका ग्राहकाबरोबर गच्चीत उभी होते. मोबाइलवर बातमी पाहिली आणि पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. शब्द न तोडता श्वास कुठे घ्यायचा, हे मी त्यांचं ऐकून शिकले होते.

माझं दालन बदललं ते २००६ च्या पुरामुळे. नोकरी सोडली नंतर, पण मनानं उठले ती तेव्हाच.

तापीची खबर सुरतेला वरूनच, आमच्या खानदेशातूनच येते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की मामांचा फोन यायचा, आणि मी मनाशी हिशेब मांडत असे: आता प्रकाशा, मग उकाई, मग आम्ही. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. पावसाळ्यात सुरतेतली शाळकरी पोरंही हा आकडा सांगतात. त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मामांचे फोन थांबेनात. एका रात्री माझ्या हाती कागद आला, त्यावर होतं: नागरिकांनी घाबरून जाऊ नये. मामा काय म्हणाले ते मला ठाऊक होतं. तरी मी कागद वाचला. खालच्या पट्टीत, ठाम, जसं शिकले होते तसं.

७ तारखेला पाणी शहरात शिरलं. उकाईतून नऊ लाख क्यूसेकच्या आसपास विसर्ग चालला होता, आणि ९ तारखेला नारळी पौर्णिमा, म्हणजे समुद्राला उधाण. हजीऱ्यापाशी नदी समुद्राला मिळते, तिथं तिला वाटच मिळेना. शहराचा बहुतेक भाग बुडाला. पुढे चिखल उपसायला सगळे लागलो, तेव्हा शेजारच्या मावशींनी मला त्यांची गव्हाची कोठी दाखवली. गव्हाला बोटाएवढे पांढरे कोंब आले होते आणि आंबूस वास सुटला होता. "तू सांगितलंस ना, म्हणून वर नेली नाही गं," एवढंच म्हणाल्या. आवाजही चढवला नाही त्यांनी. कागद कुणी लिहिला, ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी विश्वास टाकला होता तो माझ्या आवाजावर.

ते कोंब मी विसरलेले नाही.

बातमीपत्र संपलं की वाक्य हवेत विरून जायचं. खाली माझी सही नसे, कुणी विचारायला दारात येत नसे. घराच्या व्यवहारात तसं होत नाही. हप्ते वीस वर्षं चालतात, आणि तेवढी वर्षं तो माणूस माझ्या वाक्यात राहायला असतो. सुपर बिल्टअपचे फूट सांगून कार्पेटची खोली गळ्यात मारली, तर पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडत नाही, आणि ते दार रोज माझं नाव घेतं. १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला, एजंटलाही नोंदणी आली, खोटं सांगून घर विकलं तर त्याची जबाबदारी आली. धंद्यातले पुष्कळजण तेव्हा कुरकुरले. मला तो नोंदणी क्रमांक सहीसारखा वाटतो. उशिरा मिळालेल्या सहीसारखा.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर अमळनेरकडचं एक जोडपं आलं. भाऊ हजीऱ्याला क्रेन चालवतात, आणि इतकी वर्षं दोघं मोऱ्याला भाड्याच्या खोलीत राहिलेले. अडाजणमधल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्या ऐपतीत बसत होता. विसार द्यायची तयारी होती, बानाखताचा, म्हणजे आपल्या साठेखताचा, दिवसही ठरत आला होता. वहिनी जिना उतरता उतरता थांबल्या. "ताई, पानी कितलं उनं व्हतं आठे?"

पार्किंगमधल्या एका खांबावर पुराच्या वर्षी कुणीतरी ऑइलपेंटनं रेघ ओढलेली होती. अलीकडे सोसायटीनं रंग दिला, रेघ झाकली गेली. पण जाड रंगाचा उंचवटा आत राहिलेला आहे. हात फिरवला की लागतो. मी वहिनींचं बोट धरून त्यावर टेकवलं. त्यांच्या खांद्याच्या वर आलं ते. घरमालक जिन्यात उभे होते, त्यांचा चेहरा उतरला.

वहिनींनी बोट तिथंच ठेवलं. भाऊंनी खिशातून टेप काढली, तिचं टोक बायकोच्या बोटाशी धरायला मला दिलं आणि स्वतः स्टुलावर चढून ती वरच्या स्लॅबपर्यंत ओढली.

"चार फूट दोन इंच," ते म्हणाले. मग खाली उतरून पुन्हा एकदा मोजलं.