मारीत तर नाही ना?

आमच्या धावड्यात लेक सासरहून आली, की तिला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. "बरी आहेस ना?" मग "किती दिवस राहणार?" आणि चेहरा जरा उतरलेला दिसला, तर आवाज खाली आणून, "मारीत तर नाही ना? दारू तर पीत नाही ना?" दोन्हीचं उत्तर 'नाही' आलं, की विचारणाऱ्याच्या जिवात जीव येतो आणि मक्याला खत कधी टाकायचं यावर गप्पा सुरू होतात.

धावडा म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराच्या कडेचं आमचं गाव. लेण्या जवळ, जिल्ह्याचं ठिकाण लांब. दोन वर्षांपूर्वी माझी चुलत बहीण पंचमीला माहेरी आली, तेव्हा तिनेही दोन्ही वेळा 'नाही' म्हटलं. ते खरंच होतं. दाजींनी कधी हात उचलला नव्हता. शहरात नोकरी, स्वतःचा फ्लॅट, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. स्थळ बघताना आम्ही सगळे खूश होतो.

पण रात्री आम्ही दोघी माळवदावर झोपायला गेलो, तेव्हा ताई हळूहळू बोलायला लागली. एटीएम कार्ड त्यांच्याकडे. भाजीला दिलेल्या शंभर रुपयांचा हिशोब रात्री वहीत लिहून दाखवायचा. मोबाइल रोज तपासायचा. आईला फोन करायचा तर स्पीकर लावून, त्यांच्यासमोर. शिकवण्या घेत होती, त्या बंद केल्या. भाजीत मीठ जास्त झालं तर आठ-आठ दिवस अबोला. चारचौघांत "हिला अक्कल कमी आहे" हे हसत हसत सांगायचं. ताई बी.एस्सी. आहे, फर्स्ट क्लास! तरी ती मला म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काकूला विचारत होती, "मी चहा घेऊ का?" स्वतःच्या आईच्या घरात! तेव्हा मला खरी भीती वाटली.

आम्ही पडलो कॉन्व्हेंटवाले. मला 'इमोशनल अब्यूज' हा शब्द येत होता, पण तो घेऊन काकूपुढे कसं उभं राहणार? ती म्हणालीच, "खायला-ल्यायला कमी नाही, हात उचलत नाही, मग काय दुखतं?" आजी कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "जाच आहे पोरीला. तिच्या तोंडावरचं हसू कुठं गेलं ते इचारा आधी." जाच! दोन अक्षरी शब्द. आपल्या भाषेत तो कधीचाच होता, आणि त्याला वळ उमटावे लागत नाहीत.

मित्रांनो, आपण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये 'फटीग' शिकतो. जो लोड एकदा दिला तर सळईला काहीच होत नाही, तोच लाखो वेळा दिला आणि काढला तर ती तुटते. तुटेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसतही नाही. माणसाचं याहून वेगळं काय असतं?

महाराष्ट्राने हे फार महाग पडून शिकलंय. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा लग्नानंतर चार-पाच महिन्यांत मृत्यू झाला. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये पुराव्याअभावी पतीची निर्दोष सुटका झाली. पण मृत्यूच्या महिनाभर आधी तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टाच्या निकालपत्रात आहेत. त्या पत्रांतून सासरी होणारी तिची मानसिक कुचंबणा कळते. म्हणजे ती बोलत होती, पण जवळच्या एक-दोघींशी, कागदावर. १९८२ मध्येच विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात नारी समता मंच सुरू केला, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगावी नेलं आणि पुढे बायकांचं ऐकून घेणारं एक केंद्र काढलं. त्याचं नाव 'बोलते व्हा'. मला हे नाव फार आवडतं. 'सोडून द्या' नाही, 'सहन करा' नाही, आधी बोलते व्हा.

ताईला बोलतं करायला तिच्यासोबत कोणीतरी जाणं भाग होतं. काका तयार नव्हते, "लोक काय म्हणतील" हे होतंच. आजीने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. (या घरात अबोल्याचा एवढा चांगला उपयोग प्रथमच झाला!) मग काका, ताई आणि मी भोकरदनला गेलो.

तिथे आम्हाला कळलेलं तुम्हालाही सांगते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात मारहाणीइतकंच शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाच म्हटलंय. संरक्षण अधिकारी जो अहवाल भरून घेतात, त्याच्या नमुन्यात घराबाहेर जाऊ न देणं, ठराविक माणसाला भेटू न देणं, नोकरी करू न देणं हे सगळं ओळीने छापलेलं आहे. ताई तो कागद वाचत गेली आणि रडायला लागली. म्हणाली, "म्हणजे हे दुसऱ्या बायकांनाही होतं?" तिचं घर सरकारी फॉर्मवर आधीच छापलेलं होतं!

काकांना धास्ती होती, की जावई तुरुंगात जाईल. तसं नसतं. या कायद्याने आधी संरक्षणाचा, घरात राहण्याचा, खर्चाचा आदेश मिळतो; तो मोडला तर गुन्हा. अर्ज सासरच्याच शहरात करावा लागत नाही. बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या कोर्टातही चालतो. आणि स्त्रीला विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, मग घरचं उत्पन्न कितीही असो.

ताईचं सगळं छान झालं असं लिहिलं असतं, पण ते खरं नाही. केस चालू आहे, तारखा पडतात. गावात कुजबुज आहे. कधी कधी ती स्वतःच "परत जाऊ का?" म्हणते. पण तिने शिकवण्या पुन्हा सुरू केल्यात, बँकेत स्वतःचं खातं काढलंय आणि चहा न विचारता करते. मलाही देते, साखर जास्त टाकून.

हे हॉस्टेलच्या मासिकात का लिहिलं? कारण आपल्याच कॉरिडॉरमध्ये "त्याला माझा पासवर्ड लागतो, किती काळजी करतो ना!" हे मी ऐकलंय. मुलांच्या मेसमध्येही "तिला विचारल्याशिवाय जायचं नाही असं सांगून ठेवलंय" हे मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. काळजी घेणारा माणूस आपल्याला घरी फोन करायला लावतो, तोडायला नाही.

अशी मैत्रीण भेटली तर लगेच सल्ला देऊ नका, ऐका. तिच्या मोबाइलवर याबद्दल मेसेज पाठवू नका, तो दुसराही कोणी वाचत असेल. मार्कशीट, आधार, पासबुक हाताशी ठेवायला सांगा. महिला हेल्पलाइन १८१, ताबडतोब धोका असेल तर ११२, मोफत कायदेशीर मदत १५१००. मुलींच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर मेस बिलाच्या शेजारी हे तीन नंबर लावायची परवानगी रेक्टर मॅडमनी दिली आहे. मुलांच्या हॉस्टेलवरही लावा. बहिणी तुम्हालाही आहेत. आणि पंचमीला त्या घरी आल्या, की यंदा एखादा नवा प्रश्न विचारून बघा.