वीणेचा पहारा



तुमच्या गावी सप्ताह होत असेलच. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. या सगळ्यांत सात दिवस एक गोष्ट अखंड चालते. ती म्हणजे वीणा. ती खाली ठेवायची नाही. रात्री मंडपात चिटपाखरू नसले तरी कोणीतरी वीणा गळ्यात घालून उभा असतो. आमच्या गावी दोन-दोन तासांचे पहारे असतात. पुढचा पहारेकरी आला की तो आधी वीणेकऱ्याच्या पायांवर डोके ठेवतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. वय, नाते, मानपान काही बघायचे नाही. वीणा ज्याच्या गळ्यात, तो वंदनीय.

याच पहाऱ्याने मला माझा खरा चेहरा दाखवला, ते आज तुम्हाला सांगतो.

मी चोविसाव्या वर्षी कार्तिकीला पंढरपुरात माळ घातली. आषाढी-कार्तिकी चुकवायची नाही, एकादशी मोडायची नाही, रोज हरिपाठ, मद्यमांस वर्ज्य, खोटे बोलायचे नाही, परक्याचे घ्यायचे नाही. सगळ्याला मान हलवून ‘होय महाराज’ म्हटले. पुढे वीस-बावीस वर्षे लोकांना दिसणारा प्रत्येक नेम मी पाळला. वर्षाच्या चोवीस एकादश्या, अधिक महिना आला तर सव्वीस. एकही मोडली नाही. तापातसुद्धा हरिपाठाचे सत्तावीस अभंग पुरे केले. गावात मला लोक ‘नेमाचा माणूस’ म्हणत आणि ते ऐकायला मला आवडे.

पण वडिलांच्या मागे वाटणी झाली, तेव्हापासून मी धाकट्या भावाचा बांध कोरत होतो.

शेतकरी असाल तर याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. दरवर्षी नांगरटीला एक तास पलीकडे सरकवायचे, वीतभरच. कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आठ-नऊ वर्षांत बांध वरंब्याएवढा उरला आणि हद्दीचा दगड माझ्या नांगराने कधी उपटला, तेही मी कोणाला कळू दिले नाही. धाकट्याच्या लक्षात आले तेव्हा तो बोलायला आला. मी उलट त्याच्यावरच ओरडलो, “माळकऱ्याला चोर म्हणतोस?” गळ्यातली माळ मी त्या दिवशी ढालीसारखी पुढे केली. त्यानंतर सात वर्षे आमचे बोलणे बंद होते.

अशातच एका चैत्रात, हनुमान जयंतीच्या सप्ताहात, पहाऱ्याची यादी लागली. रात्री दोन ते चार मी, चार ते सहा धाकटा. मी यादी करणाऱ्या बुवांकडे गेलो आणि म्हणालो, “माझा पहारा बदला, दोनला झोप आवरत नाही.” बुवांनी माझ्याकडे नुसते पाहिले. म्हणाले, “झोप येते म्हणून का आणखी कशासाठी, ते तुमचे तुम्ही पाहा. यादी बदलत नाही.”

चारला धाकटा आंघोळ करून आला. त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले, अगदी टेकवून. वीणा घेतली. आता माझी पाळी होती. मी लांबूनच वीणेला हात जोडले आणि पायांत चपला सरकवून निघालो. पाहायला कोणीच नव्हते. मंडपात फक्त समई होती आणि पांडुरंगाचा फोटो.

घरी येऊन अंथरुणावर पडलो, पण डोळा लागेना. तुकोबारायांची ती गोष्ट मी किती कीर्तनांत ऐकली असेल! सावकारीच्या खतांचे त्यांनी दोन वाटे केले, कान्होबांचा त्यांना दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला. भावाचे भावाला आधी दिले, मग स्वतःचे सोडले. मी या गोष्टीवर टाळ वाजवून डोललो होतो आणि दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन तास सरकवले होते. माझा नेम कधी मोडला नव्हता हे खरे, पण त्या नेमाने माझ्यातलेही काही मोडले नव्हते.

माउली, त्या पहाटे मी लगेच सुधारलो, असे लिहिले तर ते खोटे होईल. वैशाखात नांगरट झाली. बांध होता तिथेच राहिला. पुढे सरकवला नाही एवढेच. पण एक गोष्ट सुरू केली. हरिपाठ संपला की टाळ ठेवायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, ‘आज कोणाचे काय घेतले?’ उत्तर आल्याशिवाय उठायचे नाही. पहिले काही दिवस उत्तर येई, ‘काही नाही.’ मग हळूहळू येऊ लागले. मजुराचा अर्धा तास घेतला. बायकोच्या बोलण्यातला शब्द तोडला. दुधाच्या मापात पाणी नाही, पण फेस होता. आणि रोज शेवटी तोच बांध.

फाल्गुनात हरभरा निघाला. मी कुदळ-फावडे घेऊन एकट्याने बांध मागे घ्यायला लागलो. दोन सकाळी धाकटा त्याच्या रानातून पाहत होता. तिसऱ्या दिवशी तो विहिरीजवळ पडलेला हद्दीचा दगड ढकलत घेऊन आला. जागा दाखवून एवढेच म्हणाला, “इथं होता.” आम्ही दोघांनी दगड रोवला. मी म्हणालो, “चूक माझीच होती.” तो काही बोलला नाही. सात वर्षांचा राग तीन सकाळींत कसा जाईल?

पुढच्या चैत्रात यादी तशीच लागली. चारला त्याने वीणा घेतली. मी खाली वाकलो. त्याच्या भेगाळलेल्या टाचा थेट वडिलांसारख्या होत्या. डोके टेकवले ते मला लवकर उचलता येईना. वरून आवाज आला, “दादा, जा आता. पडा थोडं.”

तुमचाही काही नेम असेल. एकादशी, वारी, रोजची एक ओवी. तो सोडू नका. नेम हे भांडे आहे, भांड्यावाचून पाणी राहत नाही. पण त्यात काय साठते आहे, हे दिवसातून एकदा डोकावून पाहा. त्यासाठी नवा मोठा संकल्प नको. आहे त्या नेमाच्या शेपटाला एक प्रश्न बांधा, तुमचा स्वतःचा, जो विचारायला तुम्हाला नको वाटतो तोच. आणि कधी चुकलात तर सगळे सोडून देऊ नका. माळ तुटली म्हणून आपण मणी फेकून देतो का? वेचतो, पुन्हा ओवतो, गळ्यात घालतो आणि मगच पाण्याला तोंड लावतो.

माझा प्रश्न अजून चालू आहे. काल रात्रीचे उत्तरही काही चांगले नव्हते. आज पुन्हा विचारायचे आहे.

रामकृष्ण हरी.