न लावलेले औषध

माया ही मोठी उद्योगी आहे. घरात कुणाला खरचटले, भाजले, अंगावर पित्त उठले, की प्रत्येकाला काहीतरी लावावेसे वाटते. एकजण हळदीचा डबा काढतो, दुसरा खोबरेलाची बाटली; तिसऱ्याला कुठल्याशा मलमाची नळी आठवते. दुखणाइताजवळ नुसते बसून राहणे आपल्याला निष्ठुरपणाचे वाटते. आपली माया बोटांनी चोळता आली पाहिजे, तिचा वास यायला हवा, तिचा पिवळा डाग अंगावर दिसला पाहिजे, अशी आपली समजूत असते. ह्या समजुतीत काही उणे आहे असे मला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. पण गेल्या वैशाखात एका मुक्या प्राण्याच्या कातडीने मला ह्या विषयाचा फेरविचार करावयास लावले.

आमच्या मुखेडकडे जनावरांची शुश्रूषा ही काही नवलाई नव्हे. कंधार-मुखेडचा हा मुलूख तांबड्या रंगाच्या लाल कंधारी गुरांचा. श्रावण अमावास्येच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी येथे खांदमळणी होते. वर्षभर जू ओढून बैलाच्या मानेवरची कातडी निबर झालेली असते, कोठे सोलवटलेली असते. तिला त्या दिवशी तूप-हळद चोळतात. ज्या कातडीने आपले अन्न पिकविले तिची क्षमा मागण्याचा ह्याहून सुंदर विधी मला ठाऊक नाही. ह्या संस्कारात आमची घरे वाढलेली असल्यामुळे, जनावराच्या कातडीला इजा झाली की तूप-हळदीची वाटी आपोआप पुढे येते.

मोत्या हा आमच्याकडे आलेला पाहुणा. मूळ तो माझ्या मुलीचा. तिची नोकरी परगावी, राहण्याची जागा अपुरी. म्हणून हा पांढराशुभ्र, लोकरीच्या गुंड्यासारखा पॉमेरेनियन आमच्या ओसरीवर राहावयास आला. वैशाखात आमच्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. ह्या उन्हात एवढ्या केसांत जीव कसा गुदमरत असेल, ह्या कळवळ्याने मुलीने सुटीत त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले आणि कुत्र्यांचे केस कापून न्हाऊ घालणाऱ्या एका दुकानातून तो संध्याकाळी परत आला. अंगाला अत्तराचा वास येत होता, गळ्यात निळी फीत होती आणि केस अगदी मुळापाशी उतरविलेले होते. पाहणाऱ्यांनी कौतुक केले. मोत्या मात्र कौतुक घेण्याच्या स्थितीत नव्हता. तो भिंतीला पाठ घाशी, मध्येच गर्रकन वळून मांडीला चावा घेई. रात्री दिव्याच्या उजेडात पाहिले, तेव्हा पोटावर, काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूस तांबडे चट्टे उठलेले दिसले. सर्वांत बोचले ते हे की, माझा हात पुढे होताच तो अंग चोरून खाटेखाली शिरला. आठ महिने जो प्राणी माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपत होता, त्याला आता माणसाच्या हाताचे भय वाटू लागले होते.

सौभाग्यवती लगेच तूप-हळद घेऊन आल्या. आमचे शेत बटईने करणारे गृहस्थ तेव्हा ओसरीवर बसले होते. त्यांनी त्यांना थांबविले. ‘बाई, नका लावू,’ ते म्हणाले. ‘बैलाच्या खांद्याला लावता, ते ठीक हाय. बैलाची जीभ तिथवर पोचत न्हाई. हे कुत्रं हाय. घटकाभरात समदं चाटून काढंल, अन् तुपाबरोबर कातडीबी काढंल.’

जनावरांत आयुष्य गेलेल्या माणसाच्या ह्या एका वाक्यात वैद्यकाचे केवढे तरी सार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याचीच सविस्तर फोड करून सांगितली. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे दहापंधरा थर असतात. कुत्र्याच्या त्वचेत तीन ते पाच. केसांचा भरघोस पसारा असतो म्हणूनच एवढ्या पातळ पडद्यावर त्याचे भागते. यंत्राचे पाते फार जवळून फिरले, किंवा चालून चालून तापले, तर तो पडदा खरडला जातो. अंगात साबणाचा अंश राहिला, वाळविण्याच्या यंत्राची झळ लागली, तर आगीत तेल. शिवाय कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेइतकी आम्ल नसते, म्हणून आपला साबण तिला मानवत नाही. आणि चाटणे हे तर ह्या दुखण्याचे खरे खतपाणी. ओली कातडी मऊ पडते, ओलाव्यात जंतू वाढतात, खाज वाढते, खाजेने पुन्हा चाटणे वाढते. आणि काही तासांत लाल चट्ट्याची ओली, चिघळलेली जखम होऊ शकते.

मी औषधांची यादी मिळेल ह्या अपेक्षेने गेलो होतो. मिळाली ती बहुतांशी वर्ज्य गोष्टींची यादी. माणसाचे मलम लावू नका. जस्तयुक्त मलम चाटले तर विषबाधा होते. टी ट्रीचे तेल लावू नका. तेही कुत्र्याला विषारी. अंगणातली कोरफड सोलून चोळू नका. तिच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर ओकाऱ्या व हगवण. बर्फ नको, अत्तरी पावडर नको, पुन्हा साबणाची अंघोळ तर नकोच. मग करावयाचे काय? एकदा स्वच्छ, साध्या पाण्याने अंग धुवून राहिलेला साबण घालवावा. थंड पाण्यात पिळलेले मऊ फडके दिवसातून तीनचार वेळा, पाचदहा मिनिटे चट्ट्यांवर नुसते ठेवावे, चोळू नये. फार खाज असेल तर साध्या ओटचे अगदी बारीक पीठ कोमट पाण्यात कालवून ते अंगावरून ओतावे आणि धुवून टाकावे. गळ्यात चोंग्यासारखे कडे घालून तोंड अंगापर्यंत पोचू देऊ नये. उन्हात सोडू नये. दोन दिवसांत उतार पडला नाही, पाणी सुटले, दुर्गंधी आली, तर परत आणावे. तोंड सुजले किंवा श्वास जड झाला तर एक क्षणही थांबू नये.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मुलीला फोनवर कळविताना मला जड गेले. ह्या जातीच्या कुत्र्याचे दुपदरी केस उन्हालाही आडोसा करतात. ते मुळाशी उतरविल्याने त्याला गारवा मिळण्याऐवजी ऊन लागण्याचा संभव, आणि पुन्हा पूर्ववत उगवावयास कित्येकदा महिनेच्या महिने लागतात. म्हणजे आम्ही ज्याला ओझे समजलो होतो, ती त्याची छत्री होती.

नामदेवांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. कुत्र्याने पोळी पळविली, आणि ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ह्या कथेतील करुणा अपूर्वच. पण त्या चार दिवसांत मला वाटले की, तुपाची वाटी घेऊन धावणे जेवढे थोर, तेवढेच कधीकधी ती वाटी खाली ठेवणेही. धावताना निदान आपल्या मायेला पाय फुटलेले असतात. खाली ठेवलेल्या वाटीशेजारी ओले फडके धरून, खाटेखालून कुणी बाहेर येण्याची वाट पाहत बसणाऱ्याला आपली माया दाखविण्यास काहीच साधन उरत नाही.

महाभारताच्या आरंभी सरमेची कथा येते. जनमेजयाच्या भावांनी तिच्या पिल्लाला मारले. त्याने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. काही अपराध नसता ह्याला का मारले, असे तिने भर यज्ञात विचारले, आणि कुणालाही उत्तर देता आले नाही. मोत्याला कुणी मारले नव्हते. उलट सगळ्यांनी त्याचे भलेच चिंतिले होते. पण कातडीला हेतू समजत नाहीत. तिला पाते समजते, झळ समजते, आणि गार फडके समजते.

चौथ्या दिवशी चट्टे फिके पडले. पाचव्या दिवशी कडे काढले. हाताचे भय मात्र चट्ट्यांच्या मागाहून, फार सावकाश गेले; त्यावर डॉक्टरांकडेही काही उपाय नव्हता. मी रोज संध्याकाळी ओसरीवर वाचीत बसे आणि हात जमिनीवर उघडा ठेवी. त्या हाताने मी त्याला बोलावीत नसे. पंधरवड्यानंतर एकदा नाकाचा ओला स्पर्श झाला. मी पान उलटले नाही.

पोळा होऊन गेला. मोत्याच्या पाठीवरचे केस अजून कोठे आखूड, कोठे लांब असेच आहेत. ते सारखे करून आणावे, असे आता घरात कुणी म्हणत नाही.