अंगणांतील कंदपुष्पें

फुलझाडांचे मीं माझ्यापुरते दोन वर्ग मानले आहेत. पहिला वर्ग नित्य पाणी मागणाऱ्या झाडांचा. मोगरा, जाई, गुलाब हीं त्यांतलीं. दुसरा वर्ग कंदांचा. हीं झाडें वर्षांतून चार-पांच महिने मातीखालीं निजतात, आपली शिदोरी आपल्याच पोटांत सांठवितात आणि ऋतु आला म्हणजे कोणीं हांक न मारतां उठतात. बालाघाटाच्या पठारावरील आमच्या धाराशिव जिल्ह्यांत वर्षाचा पाऊस सरासरीनें सातशे ते आठशे मिलिमीटर, आणि तोहि बहुतेक मृगापासून हस्तापर्यंत. पुढें आकाश कोरडें तें कोरडेंच. अशा मुलखांत गृहस्थाच्या अंगणास हा दुसरा वर्गच अधिक मानवतो, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून तर सकाळची पूजा आटोपली कीं माझा पहिला तास या कंदांच्या वाफ्यांतच जातो. त्या अनुभवांतलें चार शब्द वाचकांच्या उपयोगीं पडतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

या झाडांस आपल्याकडे सरसकट ‘लिली’ म्हणतात. शाळेंत असतांना मुलें विचारीत, ‘गुरुजी, लिलीला संस्कृतांत काय म्हणतात?’ कोणी कमल सांगे, कोणी कुमुद. परंतु कमल व कुमुद हीं जलांत वाढणारीं. अंगणांतली लिली ती नव्हे. खरी लिली थंड डोंगरांत राहणारी आहे. भरतखंडांत ती हिमालयांत व दक्षिणेस निलगिरीच्या उंचीवर सांपडते; वैद्यकांतील अष्टवर्गांत जी क्षीरकाकोली सांगितली आहे, ती हिमालयांतील एक लिलीच होय, असें पुष्कळ वनस्पतिज्ञ मानतात. पुण्या-मुंबईच्या फुलवाल्यांकडे हल्लीं जीं मोठीं सुगंधी लिलीचीं फुलें दिसतात, त्यांचे कंद बहुधा हॉलंडांतून येतात व तीं झाडें पॉलिहाऊसच्या थंडाव्यांत वाढवितात. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेथें तीं टिकावयाचीं कशीं? कुंडींत एक बहर येतो आणि खेळ संपतो. म्हणून नांवासाठीं हट्ट न धरतां, ज्यांस आपण प्रेमानें लिली म्हणतों पण ज्यांचें कूळ निराळें आहे, अशा काटक झाडांकडेच वळावें हें बरें. गंमतीची गोष्ट अशी कीं, आधुनिक वनस्पतिशास्त्राप्रमाणें यांतील बरींचशीं झाडें आपल्या स्वयंपाकघरांतील कांदा-लसणाच्या कुळांतलीं ठरतात, आणि निशिगंध तर शेताच्या बांधावरील घायपाताचा आप्त निघतो!

ऋतुमानानें यांची हजेरी सांगतों. फाल्गुन-चैत्रांत, ऊन तापूं लागलें कीं, कर्ण्यासारखीं मोठीं तांबडीं फुलें घेऊन जी उभी राहते ती आमची नेहमींची बागेंतली लिली. हिचें मूळ दक्षिण अमेरिकेंत. पोकळ, जाड दांडा आधीं वर येतो व त्याच्या माथ्यावर दोन ते चार फुलें चहूं दिशांना तोंडें करून उमलतात. वैशाखाच्या शेवटीं वळवाची एक सर पडली कीं ‘फुटबॉल लिली’ निघते. ही आफ्रिकेंतली. पान नाहीं, पाला नाहीं. नुसता दांडा आणि त्यावर शेंकडों केसरांचा लाल चेंडू! तो आठ-दहा दिवस टिकतो, मग पानें येतात. मृगाच्या पहिल्या पावसानंतर चार-सहा दिवसांत वाफ्याच्या कडेला पांढऱ्या, गुलाबी व पिवळ्या पावसाळी लिलीची रांग उठते. तिच्या शास्त्रीय नांवाचा अर्थ ‘पश्चिम वाऱ्याचें फूल’ असा आहे. आणि आपला मोसमी पाऊसहि पश्चिमेच्या वाऱ्यावरच येतो, हा योगायोग मला नेहमीं गोड वाटतो. पावसाळ्यांतच सुदर्शन फुलतो. त्याचीं रुंद, लांब पानें चक्राकार पसरतात, आणि रात्रीं त्याच्या शुभ्र फुलांचा वास ओसरीपर्यंत येतो.

श्रावणापासून कार्तिकापर्यंत राज्य निशिगंधाचें. गुलछडी, रजनीगंधा हीं त्याचींच नांवें. नांवावरून तो कालिदासाच्या उपवनांतला वाटेल. पण त्याची जन्मभूमि मेक्सिको असल्यामुळें आपल्या प्राचीन कवींस तो ठाऊक असणें शक्य नव्हतें. परक्याला इतकें सुंदर संस्कृत नांव देऊन आपण त्याला घरचा केला, हें आपल्या भाषेचें औदार्यच म्हटलें पाहिजे. बंगळूरच्या उद्यानसंशोधन संस्थेनें काढलेले शृंगार व प्रज्वल हे एकेरी वाण आणि सुवासिनी हा दुहेरी वाण आतां शेतकऱ्यांच्या चांगले परिचयाचे झाले आहेत. हारांसाठीं व वासासाठीं एकेरी, फुलदाणीसाठीं दुहेरी, हें सूत्र लक्षांत ठेवावें.

आतां लागवडीविषयीं. आमच्याकडील काळी माती कसदार खरी, पण ती पाणी धरून बसते व उन्हाळ्यांत भेगाळते. कंदाचा खरा शत्रु दुष्काळ नव्हे, सांचलेलें पाणी होय. २०२५ च्या सप्टेंबरांत भूम-परंडा भागांत अतिवृष्टीनें जो हाहाकार झाला तो सर्वांस ठाऊक आहेच. आमच्या अंगणांतहि त्या पंधरवड्यांत पाणी हटेना, परंतु वाफे जमिनीपासून वीतभर उंच असल्यामुळें कंद वांचले. म्हणून दोन भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा वाळू व एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत असें मिश्रण करून उंच वाफा बांधावा. ताजें शेण कधींहि घालूं नये. त्यानें कंद सडतो. तांबड्या लिलीच्या व फुटबॉल लिलीच्या कंदाची मान मातीबाहेर राहूं द्यावी. निशिगंधाचा कंद दोन-तीन बोटें खोल लावावा. पावसाळी लिलीचेहि तसेंच, मात्र तिचे कंद जवळजवळ लावले तरी चालतात.

पावसाळ्यांत एका अळीकडे लक्ष ठेवावें लागतें. ती काळी असून तिच्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असतात. दिसावयास देखणी, पण एका रात्रींत सुदर्शनाचें पान चाळणीसारखें करते. आमच्या घरीं नातवंडें सकाळीं चिमट्यानें या अळ्या वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकतात. फारच झाल्या तर निंबोळीचा अर्क फवारतों. फुलें सरल्यावर दांडा कापावा, पण हिरवीं पानें कापूं नयेत. पुढील वर्षाचें फूल या पानांच्याच कमाईंतून कंदांत सांठत असतें. पानें आपणहून पिवळीं पडलीं कीं पाणी तोडावें व कंदास निजूं द्यावें. ज्याला झोंपेंतल्या झाडास पाणी न घालण्याइतका धीर आहे, त्यानेंच या नादास लागावें.

या धीराची कसोटी आमच्या कुटुंबाने २०१६ सालीं पाहिली. त्या वर्षीं एप्रिलांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आमच्याकडेहि टँकरवांचून गत्यंतर नव्हतें. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. हंडा हंडा मोजून पाणी वांटावयाचें. त्या दिवसांत झाडांस पाणी घालणें हा अधर्मच झाला असता. दारचा मोगरा गेला, जाईचा वेल जळाला. कंदांच्या वाफ्यावर आम्हीं फक्त वाळलेला पाला पसरून ठेवला. जूनमध्यें पाऊस आला, आणि आठवड्याभरांत त्या पाल्यांतून हिरवे कोंभ डोकावूं लागले. त्या दिवशीं माझ्या धाकट्या वहिनी, ज्या एरवीं माझ्या बागेस ‘भावोजींचा छंद’ म्हणून हंसत, त्यांनींच सगळ्यांस अंगणांत हांक मारली.

परंतु आमच्या फुटबॉल लिलीची कथा याहून जुनी व गंभीर आहे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, सास्तूर परिसरांतील एका खेड्यांत दिलेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो भूकंप झाला, त्यांत लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. जाड दगडमातीच्या भिंती व वर मातीचे जड धाबें; झोंपलेल्या माणसांस बाहेर पडावयास अवधि कोठला? अक्का वांचली, तिचे यजमान वांचले नाहींत. पुढें गांव नव्या जागीं वसलें. १९९४ च्या मे महिन्यांत, वळीव पडून गेल्यावर, अक्का मला घेऊन जुन्या गांवठाणांत गेली. घर म्हणून ओळखावें असें कांहींच उरलें नव्हतें. केवळ तुळशीवृंदावनाच्या जोत्यावरून अंगण कोठें होतें तें समजलें. तेथें दगडांच्या सांदींतून तीन लाल चेंडू वर आले होते. अक्का बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “हीं यांनीं लावलेलीं. खालीं आहेत हें मी विसरलेंच होतें रे.” आम्ही दोघांनीं हातांनीं दगड बाजूला केले व कंद काढले. कांहीं तिनें नव्या घरीं लावले, कांहीं मला दिले. अक्का जाऊनहि आतां सात वर्षें झालीं.

हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, गेल्या वर्षीं आमच्या घरांत अंगणास फरशी करण्याचा विषय निघाला. माझे धाकटे बंधु म्हणाले, “दादा, पावसाळ्यांत चिखल होतो, वहिनींचे गुडघे दुखतात, एकदां पाय घसरला म्हणजे काय कराल? शिवाय मुलांची गाडी उभी करावयास जागा नाहीं.” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. एकत्र कुटुंबांत अंगण एकाच्या छंदाचें नसतें. तें सर्वांच्या पायांखालचें असतें. मीं अक्काचें नांव काढलें नाहीं, कारण भावनेचा धाक घालून घेतलेला निर्णय घरांत टिकत नाहीं. मीं एवढेंच दाखवून दिलें कीं, अंगणभर सिमेंट झालें तर पावसाचें सारें पाणी रस्त्यावर वाहून जाईल आणि आपल्या बोअरला जें थोडें मुरतें तेंहि थांबेल. दोन दिवस वाद झाला. शेवटीं माझ्या पुतण्यानें खडूनें अंगणांत रेघा मारल्या व म्हणाला, “काका, फाटकापासून ओसरीपर्यंत शहाबादी फरशीची वाट, डावीकडे गाडी, उजवीकडे तुमचे कंद, आणि छपराचें पाणी पन्हळीनें बोअरजवळच्या शोषखड्ड्यांत.” तसेंच ठरलें. गाडीच्या जागेंतले कंद मीं मार्गशीर्षांत, तीं झोंपेंत असतां, काढून उजवीकडे लावले. नंतर बंधूंनीं मला एकीकडे घेऊन विचारलें, “अक्काचे कोणते?” मीं दाखविले. त्यांनीं त्यांच्याभोवतीं आपल्या हातानें विटांची एक ओळ लावली.

एक इशारा मात्र प्रत्येक गृहिणीस दिला पाहिजे. तांबडी लिली, सुदर्शन, फुटबॉल लिली यांचे कंद कांद्यासारखे दिसतात, पण ते विषारी आहेत. काढलेले कंद स्वयंपाकघरांत अगर कांद्यांच्या टोपलीजवळ क्षणभरहि ठेवूं नयेत. सुदर्शनाच्या पानाचा रस ऊन करून कानांत घालण्याची जुनी रीत पुष्कळ घरांत आहे. आतां कान दुखला तर डॉक्टरांकडे जावें हेंच श्रेयस्कर. सर्वांत जपावयाचें तें कळलावीपासून. श्रावण-भाद्रपदांत डोंगरकडेच्या कुंपणांवर ही वेल पानांच्या टोंकांनीं धरून चढते व ज्वालेसारखीं पिवळीं-तांबडीं फुलें धारण करते. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत तिचीं अग्निशिखा व लांगलिकी हीं नांवें आहेत. नांगरासारख्या कंदावरून एक, फुलावरून दुसरें. तामिळनाडूचें तें राज्यपुष्प आहे. परंतु तिच्या कंदांत कोल्चिसीन नांवाचें अति तीव्र विष असतें व थोड्याशा प्रमाणांतहि तें जिवावर बेततें. तिला कुंपणावर पाहून आनंद मानावा. लहान मुलें असलेल्या घरांत ती लावूं नये.

या झाडांना खर्च जवळजवळ नाहीं. एका कंदाची दोन-तीन वर्षांत चार-पांच पिल्लें होतात. तीं वाटल्यावांचून वाफा मोकळा होत नाहीं, व दाटी झाली कीं फूल कमी येतें. म्हणून दर तिसऱ्या वर्षीं, हिवाळ्याच्या अखेरीस, कंद काढून निवडावे, सडलेले टाकावे, मोठे आपल्यास ठेवून पिल्लें शेजारीं, सासुरवाशिणींस, मित्रांस द्यावीं. देतांना कागदावर नांव, रंग व फुलण्याचा महिना लिहून द्यावा. नाहींतर घेणारा निजलेला कंद मेला समजून फेंकून देतो. यंदां आमच्या घरून सत्तावीस पुड्या गेल्या, त्यांतील पांच नळदुर्गास व दोन अक्काच्या नातीकडे सोलापुरास. लावावयाची वेळ चैत्र ते ज्येष्ठाची. ज्यांच्या दारीं हातभर जरी उघडी माती असेल, त्यांनीं ती फरशीखालीं घालण्यापूर्वीं एकदां एक कंद लावून पाहावा.