मुका मार

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

ती. अक्कास,


काल तू चिरंजीवांच्या डोक्याच्या दुखापतीबद्दल फोनवर म्हणालीस, "स्कॅन नॉर्मल आहे, तरी हा दोन महिने डोकं धरून बसतो. क्लासवाले म्हणतात, नाटकं आहेत." रात्री मला झोप आली नाही. सविस्तर लिहिते; फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

पौड फाट्यावर माझी स्कूटर घसरली तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं (हसू नकोस, पुणेकर असूनही होतं). कवटी वाचली, पण आत मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळलाच. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात, आई मुका मार म्हणायची. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. मुका मार सहसा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे जिवावरचं नाही, एवढंच. मला मात्र एका दवाखान्यात त्याचा अर्थ "तुम्हाला काही झालेलं नाही" असा सांगितला, आणि तीन महिने मीही तो मानला. कुकरची शिट्टी डोक्यात खिळ्यासारखी शिरायची. मुद्रितं तपासायला बसलं की दहाव्या ओळीला अक्षरं एकमेकांवर चढायची. ऱ्हस्व-दीर्घ कसलं बघतेस! नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला तेव्हा तर मी खिडक्यांना गोधड्या टांगल्या.

मग 'कन्कशनचा डॉक्टर' शोधायला निघाले. अशी पाटी मला कर्वे रोडवर काय, कुठेच दिसली नाही. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी फाइल बाजूला सारली आणि विचारलं, "गरगरतं कधी? कुशीवर वळताना की उभं राहताना?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या एका प्रश्नाने माझ्या दुखण्याचा गुंता सुटा झाला: थोडं कानाचं, थोडं डोळ्यांचं, थोडं मानेचं.

कुशीवर वळताना, म्हणजे कान. आतल्या कानात बारीक खडे असतात, दणका बसला की ते जागा सोडतात. कानाच्या डॉक्टरांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटक्यात मागे निजवलं, डोकं कडेवरून खाली लोंबतं ठेवून. छत भिंगरीसारखं फिरलं. मी त्यांचं मनगट धरलं. "डोळे मिटू नका, मला ते नाचताना बघायचेत." थोडा वेळ तसंच, मग मान डावीकडे, मग अख्खी कूस, मग उठून बसायचं. दोन खेपांत गरगर गेली, जिच्यासाठी मी पाकिटंच्या पाकिटं गोळ्या खाल्ल्या होत्या! ही युक्ती जॉन एपली नावाच्या अमेरिकन डॉक्टरची. त्यालाही बरोबरीच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं वेड्यात काढलं होतं. अर्थात सगळ्यांचीच गरगर खड्यांची नसते.

डोळ्यांचं वेगळंच. चष्म्याचा नंबर होता तोच. पण तिरळेपणा तपासतात त्या विभागातल्या मुलीने पेन्सिलचं टोक हळूहळू नाकाकडे आणलं, तर वीतभर लांबूनच मला दोन टोकं दिसली. म्हणून अक्षरं चढत होती! मग रोज पेन्सिलचा व्यायाम. मान फिजिओथेरपिस्टने सोडवली. डोकेदुखीच्या गोळ्यांचा हिशेब मांडला, तर महिन्यात पंधरा दिवसांहून जास्त. इतक्या घेतल्या की गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं. त्या सोडतानाचे दिवस मात्र वाईट गेले.

चिरंजीवांना क्रिकेटमधून समजाव. २०१९ साली लॉर्ड्सवर आर्चरचा बाउन्सर मानेवर बसल्यावर स्टीव्ह स्मिथ परत येऊन खेळला. डोकं जड झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि आपल्या गहुंज्याला, ३१ जानेवारी २०२५ला, शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. बदली आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले. आमच्या कट्ट्यावर केवढं भांडण, की फलंदाजाच्या जागी गोलंदाज चालतोच कसा! दुबेचं डोकं दुखतंय का, हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही.

चिरंजीवांना अंधाऱ्या खोलीत कोंडू नकोस. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, पुढे झेपेल तेवढं चालणं-फिरणं, असं २०२२च्या ॲमस्टरडॅमच्या परिषदेत जमलेल्या तज्ज्ञांचंही मत पडलं. नेट्स मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. उलट्या, गुंगी, वाढत जाणारं दुखणं, हातापायातली शक्ती गेल्यासारखं वाटणं, यांतलं काही दिसलं तर पुण्याला यायची वाट बघू नकोस, त्याच घटकेला सांगलीतलं इस्पितळ गाठ.

अभ्यासाचं म्हणशील, तर लक्ष आणि स्मरणशक्तीची रीतसर चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. बंगळुरूच्या निम्हान्सने त्यासाठी २००४ साली आपल्याकडच्या माणसांवर बेतलेला संच काढला. ते निदान कागदावर आलं की क्लासवाल्यांसमोर ठेवता येईल.

शनिवारी दोघं या. येताना आठवडाभराची वही आण: काय केलं की दुखतं, किती वेळ, झोप कशी, गोळ्या किती. 'सारखं दुखतं' असं लिहू नकोस, त्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. स्वारगेटहून रिक्षा करा आणि त्याला टोपी-गॉगल घालू दे, लोक बघेनात का.

तुझी,
धाकटी

ता. क. कुकर तुम्ही यायच्या आधीच उतरवून ठेवीन.