योयोखाली तीन रात्री, जिराफासमोर एक

मुलीकडे अमेरिकेला गेलेल्या आईबापांना दोन गोष्टी चुकत नाहीत. एक नायगारा आणि दुसरे डिस्ने. नायगारा आमचा मागल्या खेपेस उरकला होता. या खेपेस नातू सहा वर्षांचा झाला आणि जावईबापूंनी जेवताजेवता जाहीर केले, "बाबा, यंदा आपण सगळे ऑर्लँडोला जायचं." अटलांटाहून मोटारीने सातएक तासांची मजल. आमच्या मंडळींचा उजवा गुडघा तेव्हा संपावर होता, आणि परत आल्यावर त्याची शस्त्रक्रिया ठरली होती. "मी घरीच राहते, तुम्ही जा," असे त्यांनी दोनदा सांगून पाहिले. पण लेकीपुढे त्यांचे काही चालले नाही.

फराळाचे ताट शेजारी घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकाला वाटेल, आता पाळणे आणि किल्ले यांचे वर्णन येणार. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते आम्ही कुठे उतरलो त्याविषयी. आमच्या पिढीला हॉटेल म्हणजे सामान टाकण्याची जागा. माथेरानला गेलो तर दिवसभर पॉइंट पालथे घालायचे आणि खोलीवर फक्त पाठ टेकायला यायचे. तिथे मात्र उतरण्याची जागा हीच निम्मी सहल असते, हे मला चार दिवसांत कळले.

डिस्नेच्या आवारात त्यांची स्वतःचीच वीसहून अधिक हॉटेले आहेत, आणि आगगाडीच्या डब्यांसारखे त्यांचे वर्ग आहेत. स्वस्त ती 'व्हॅल्यू', मधली 'मॉडरेट' आणि उंची ती 'डिलक्स'. एका बागेला एवढी हॉटेले कशाला, असे मी विचारले, तेव्हा त्यामागची हकीगत समजली. वॉल्ट डिस्नेने 1955 साली कॅलिफोर्नियात आपली पहिली बाग काढली, तेव्हा हॉटेल बांधायला त्याच्याकडे पैसा उरला नव्हता. ते काम जॅक रॅदर नावाच्या दूरदर्शन-निर्मात्याने अंगावर घेतले. बाग चालली, आणि पाहतापाहता तिच्या कुंपणापर्यंत दुसऱ्यांची मोटेले उगवली. लोक डिस्नेकडे यायचे आणि पैसे शेजाऱ्याकडे ठेवून जायचे! हे शल्य त्याच्या मनात राहिले असावे. फ्लोरिडात जमीन घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने भलत्याच कंपन्यांच्या नावांवर गुपचूप सुमारे 27,000 एकर जमीन घेतली. आपल्या बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान साधारण तेवढेच भरेल. 1966 साली तो वारला. 1 ऑक्टोबर 1971 रोजी बाग उघडली तेव्हा तिच्याबरोबर दोन हॉटेलेही उघडली.

आम्ही पहिल्या तीन रात्री काढल्या त्या 'पॉप सेंच्युरी'त. हे स्वस्त वर्गातले, 2003 साली उघडलेले, 2,880 खोल्यांचे. खोल्यांची दारे चाळीसारखी बाहेरच्या गॅलरीत उघडतात, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. मात्र चाळीच्या जिन्यावर चार मजली योयो कुणी उभा केलेला मी पाहिला नव्हता! गेल्या शतकाच्या पन्नाशीपासून नव्वदीपर्यंतच्या एकेका दशकाची एकेक वसाहत, आणि प्रत्येकीत त्या काळच्या वस्तू राक्षसी आकारात मांडलेल्या. कुठे बोलिंगच्या बाटल्या, कुठे मिकीचा टेलिफोन, कुठे रुबिकचा ठोकळा. पोहण्याचा एक तलाव फुलाच्या आकाराचा. आमच्या नातवाने पहिल्याच संध्याकाळी फतवा काढला, "आजोबा, उद्या बाग नको. इथंच राहू."

खोली लहान, पण युक्तीची. भिंतीला लागून असलेले टेबल रात्री खाली ओढले की त्याचा पलंग होतो. या टेबलावर पोळीभाजी खाऊन रात्री त्याच जागी झोपायचे, याची नातवाला फार गंमत. मंडळींना मात्र शेवटपर्यंत धास्ती की पलंग रात्री पुन्हा टेबल झाला तर!

स्वस्ताईचा हिशेब कळतो तो बागेतून परतताना. या हॉटेलातून दोन बागांना रोपवे जातो. 2019 साली सुरू झालेल्या या पाळण्यात बसले की रायगडाची आठवण येते, फक्त खाली दरीऐवजी तळी. पण किल्ल्याची जी मुख्य बाग, तिथून परत यायला बस. रात्रीचे दारूकाम संपले की सारी यात्रा एकाच वेळी दाराकडे लोटते. यात दोष कुणाचाच नाही. आषाढीनंतर पंढरपूरच्या स्टँडवर दुसरे काय होते? नातू जावयाच्या खांद्यावर झोपलेला, मंडळी भाड्याच्या चाकाच्या खुर्चीचा मोह दिवसभर टाळून आता कठड्याला टेकलेल्या, आणि मुलगी आईच्या गुडघ्याकडे पाहते आहे, पण बोलत काहीच नाही.

त्याच दुपारी आम्ही मोनोरेलमधून उंची हॉटेलांची एक फेरी मारली होती. 'कंटेम्पररी'त तर आगगाडी चक्क हॉटेलच्या पोटातून जाते. 1971 सालच्या या इमारतीच्या खोल्या दुसऱ्या जागी आधी पूर्ण तयार केल्या, आणि मग क्रेनने उचलून पोलादी सांगाड्यात टेबलाच्या खणांसारख्या बसवल्या. आतल्या नव्वद फुटी भित्तिचित्रात मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने पाच पायांची एक शेळी लपवली आहे; ती शोधण्यात आमचा अर्धा तास गेला. 1973 साली अध्यक्ष निक्सन यांनी 'मी लफंगा नाही' असे जगाला सांगितले ते याच हॉटेलात. तिथला पाहुणा दहा मिनिटांत चालत बागेत पोचतो. 'पॉलिनेशियन'च्या वाळूवर आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. तळ्यापलीकडचे दारूकाम पाहायचे आणि उठून आपल्या खोलीत जायचे, बस नाही की रांग नाही. हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येकाला, मग वर्ग कुठलाही असो, सकाळी अर्धा तास आधी बागेत सोडतात; रात्री जादा वेळ मात्र काही ठरावीक दिवशी आणि उंची वर्गालाच. गाद्या थोड्याफार कमीजास्त मऊ असतील, पण तिथे पैसे मोजायचे ते पायांच्या श्रमांचे आणि वेळेचे, असे माझे मत झाले.

चौथ्या दिवशी हे मत बदलावे लागले. मुलीने शेवटची रात्र 'ॲनिमल किंगडम लॉज'मध्ये घेतली होती. एका रात्रीचे भाडे आधीच्या तीन रात्रींना पुरून उरेल एवढे! ते मी तिच्या वहीत चोरून पाहिले. आणि गंमत अशी की एवढे भाडे देऊन हे हॉटेल सगळ्यांत लांब. मोनोरेल नाही, रोपवे नाही, इथूनही बसच. मी मनात म्हटले, जावयाचा हिशेब कुठेतरी चुकला.

खोलीच्या गॅलरीचे दार उघडले आणि समोर जिराफ! घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या इमारतीच्या कुशीत गवताळ रान, त्यात झेब्रे, आणि हाताएवढ्या जाड शिंगांची अंकोले गुरे. 2001 सालापासून ते असे आहे. सगळ्याच खोल्यांना हे रान दिसत नाही, दिसणाऱ्यांचे भाडे वेगळे. मंडळींनी खुर्ची ओढली आणि बसल्या त्या बसल्याच. रात्री 'सना' नावाच्या तिथल्याच उपाहारगृहात नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्यांचे ताट मिळाले, तेव्हा जेवायला म्हणून तेवढ्या उठल्या.

सकाळी सगळे प्राण्यांच्या बागेत जायला तयार. मंडळी गॅलरीत.

"आई, चल ना. तिकीट काढलंय तुझं."

"तुम्ही या जाऊन. मी इथंच बसते."

"अगं, बागेत सिंह आहे, हत्ती आहे!"

"असू देत. हा रोज या वेळेला इकडून तिकडे जातो की काय, ते बघायचंय मला."

मुलगी जरा हिरमुसली. मग म्हणाली, "अकराला खोली सोडावी लागेल." त्याचीही सोय निघाली. हॉटेलमागे खडकासारखा एक कट्टा आहे, तिथून कुणीही रान पाहू शकतो. सामान मोटारीत टाकले, मंडळींना कट्ट्यावर बसवले, आणि मी त्यांच्याबरोबर थांबलो. गेल्या चार दिवसांत त्यांनी गुडघ्याला हात लावला नाही असे हे पहिलेच तीन तास.

"किती पडले गं हिला या खोलीचे?" त्यांनी मध्येच मला विचारले. मी खरा आकडा सांगितला. त्या गप्प राहिल्या. मग पदर सारखा करीत म्हणाल्या, "तिला म्हणावं, मी विचारलं नाही."

दुपारी मंडळी परतली. नातू धावत आला आणि आजीच्या मांडीवर चढून म्हणाला, "आजी, आता परत योयोच्या हॉटेलात जायचं ना?"